नखी धरणारा हात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

गिटार शिकायला येणारा मुलगा पहिल्या दिवशी डावा हात पुढे करतो. बोटं कुठे ठेवायची, कोणती तार दाबायची, कोणता कॉर्ड आधी शिकायचा, असे त्याचे सगळे प्रश्न डाव्या हाताचे असतात. उजव्या हाताबद्दल कोणी विचारत नाही. तो आपोआप काम करील अशी सर्वांची समजूत असते. खरं म्हणजे डावा हात फक्त सूर निवडतो; तो सूर जन्माला घालतो उजवा हात. सूर गोल येणार की खरखरीत, वेळेवर येणार की मागाहून, आणि वीस वर्षांनी तो हात धड राहणार की नाही, हेही उजव्या हातावरच ठरतं. आज आपण बोलणार आहोत ते इलेक्ट्रिक गिटारवरच्या या दुर्लक्षित हाताबद्दल. डावखुऱ्या मंडळींनी उजव्याच्या जागी डावा समजावा.

आधी शब्दाचं बघू. गिटारवाले 'पिक' म्हणतात. भोर तालुक्यात पीक म्हटलं की कान भाताकडे जातात, म्हणून मी आपला जुना शब्द वापरतो, नखी. सतारीची नखी तारेची असते, तर्जनीत घालायची. सरोदवाले ज्याला जवा म्हणतात तो नारळाच्या करवंटीचा, बोटांत धरायचा. गिटारची नखी या जव्याची चुलत बहीण. पूर्वी ती कासवाच्या कवचाची करीत. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये डिआंड्रिया यांनी सेल्युलॉइडच्या नख्या काढायला सुरुवात केली, आणि १९७५ मध्ये वन्य जिवांच्या व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार अमलात आल्यावर कवचाचा व्यापार बंद होत गेला. आज मिळते ती प्लास्टिकची किंवा नायलॉनची. चहाच्या एका कपाच्या आसपासच्या किमतीत येते, आणि तिच्यावर वाद्याचा अर्धा आवाज अवलंबून असतो.

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की कात्रज ओलांडून खेड शिवापूर, नसरापूर फाटा, कापूरहोळ आणि मग किकवी लागतं. या पट्ट्यात इलेक्ट्रिक गिटार कुठून आली, असं कोणी विचारील. गिटार नवी असेल, पण नखी नवी नाही. लग्नाची वरात, गणपतीची मिरवणूक, चैत्र-वैशाखातल्या जत्रा यांत जो बेंजो वाजतो, तो नखीनेच वाजतो. बेंजो म्हणजे अमेरिकेतला कातड्याने मढवलेला बँजो नव्हे. आपला बेंजो हा बुलबुलतरंग, आणि त्याचं मूळ जपानी. १९१२ साली नागोयात गोरो मोरिता यांनी तैशोगोतो नावाचं वाद्य तयार केलं. टंकलेखन यंत्रासारख्या कळा आणि खाली ताणलेल्या तारा, अशी त्याची रचना. ते आपल्याकडे आलं, त्याला पिकअप बसला, कर्ण्यांना जोडलं गेलं आणि ते मिरवणुकीचं वाद्य झालं. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपट काढला, तो याच मंडळींवर. तेव्हा गावातल्या पोराला विजेवर चालणारं तंतुवाद्य आणि नखी या दोन्ही गोष्टी गिटारच्या आधीपासून ठाऊक आहेत.

आणि नेमकी तिथेच अडचण सुरू होते.

बेंजोच्या मुख्य तारा एकाच सुरात लावलेल्या असतात आणि बाजूला आसेच्या, म्हणजे सतत घुमणाऱ्या तारा. वाद्य आडवं ठेवलेलं, हात वरून येतो, आणि नखी सगळ्या तारांवरून एकदम फिरते. सूर बदलायचं काम कळा करतात. त्यामुळे बेंजोवाल्याचा हात विलक्षण वेगवान होतो, पण 'आता फक्त तिसरी तार, लगेच दुसरी, मग पुन्हा तिसरी' हे काम त्याला कधी करावंच लागत नाही. गिटारवर तेच मुख्य काम आहे. सहा तारा, सहा वेगळे सूर, आणि दोन तारांमध्ये सुमारे एक सेंटिमीटरचं अंतर. त्यातही सर्वांत बारीक तार इंचाचे नऊ सहस्रांश, म्हणजे पाव मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीची. शिवाय वाद्य छातीशी उभं धरलेलं.

किकवीच्या बाजूचा एक तरुण माझ्याकडे यायचा. बेंजो पार्टीत तीन हंगाम वाजवलेला, मेहनती. पार्टीत आता गिटार हवी म्हणून त्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि दोन महिने रात्री रात्री वाजवून स्वतःच हात तयार केला. वेग होता. पण मनगटाच्या आतल्या बाजूला दुखायचं, सकाळी दुधाची किटली उचलताना कळ यायची. त्याला वाटायचं की दुखणं म्हणजे रियाज लागू पडल्याची खूण. आपल्याकडे हा समज फार आहे. बोटांच्या टोकांना घट्टे पडतात ते ठीक, ती कातडी आहे. मनगटातून जातात त्या स्नायूंच्या दोऱ्या, कंडरा. त्यांना घट्टे पडत नाहीत, सूज येते. पुढे लग्नसराई होती, आणि हा हात त्याच्या घरातल्या उत्पन्नाचा भाग होता. तेव्हा त्याच्या बाबतीत सुबक वाजवण्याआधी हात वाचवण्याचा प्रश्न होता. नवशिक्यांचं बहुतेक वेळा असंच असतं. दोन्ही गोष्टींचं उत्तर एकच निघतं.

पहिलं उत्तर पकडीत आहे. तर्जनी सहज आत वाकवा, मूठ न आवळता. नखी तर्जनीच्या शेवटच्या पेराच्या कडेवर ठेवा आणि वरून अंगठा टेकवा. अंगठा सरळ असावा, फार मुडपलेला नको. नखीचं टोक तीन-चार मिलिमीटर बाहेर दिसलं की पुरे. जास्त बाहेर काढलं की ते तारेत अडकतं आणि मग अडकू नये म्हणून माणूस घट्ट धरतो. घट्ट धरलं की मनगट ताठ, मनगट ताठ झालं की कोपर, मग खांदा. सगळी साखळी त्या एका चिमटीपासून सुरू होते. किती जोर हवा? दुसऱ्या हाताने नखी ओढून पाहा. ती थोड्या प्रयत्नाने निघून यावी. निघतच नसेल तर पकड जास्त झाली. नखी हातातून सुटून पडणं हा नवशिक्याचा अपमान नाही. पहिल्या महिन्यात ती पडलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट कोनाची. ही मी त्या पोराला विळ्यावरून सांगितली आणि त्याला एका दमात कळली. भात कापताना आपण विळा धांड्यावर सरळ दाबतो का? नाही. धार तिरकी लावून ओढतो, म्हणून तो सरकत जातो. नखीचंही तसंच. ती तारेवर सपाट आपटली की तार तिला अडवते, टक् असा आवाज येतो आणि धक्का मनगटाला बसतो. नखीची पुढची कड जरा खाली झुकवली की ती तारेवरून निसटते. फार झुकवली तर आवाज घासल्यासारखा येतो. पंधरा-वीस अंशांच्या आसपास सुरुवात करावी आणि कानाने ठरवावं. खोलीचंही हेच. नखी तारेत जितकी खोल जाईल तितकी बाहेर यायला वेळ लागतो. टोकाचा एखाद-दीड मिलिमीटर भाग तारेला लागला तरी इलेक्ट्रिक गिटारला पुरतं. तिथे आवाज मोठा करायला अ‍ॅम्प्लिफायर बसलेला आहे. हाताने मोठा करायची गरज नाही. बेंजोवरून किंवा साध्या लाकडी गिटारवरून आलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. त्यांचा हात 'मागच्या रांगेपर्यंत पोचलं पाहिजे' या हिशेबाने पडतो.

आता हालचाल. हात कोपरातून हलवायचा की मनगटातून? कॉर्ड छेडताना, म्हणजे सहाही तारांवरून नखी फिरवताना, कोपर हललाच पाहिजे. एकेक तार वाजवताना मात्र मुख्य काम मनगटाचं. कुलूप उघडताना किल्ली फिरवतो ती थोडी फिरकी, आणि टेबलावरचे पावाचे कण बाजूला सारतो ती थोडी आडवी हालचाल, या दोन्हींचं मिश्रण प्रत्येकाचं वेगळं असतं. तळहाताची करंगळीकडची कड घोडीवर, म्हणजे ब्रिजवर, अलगद टेकवावी. अलगद म्हणजे टेकू, वजन नव्हे. काही जण करंगळी गिटारच्या अंगावर रोवतात. मोठमोठे वादकही तसं करतात, म्हणून मी ते चूक म्हणणार नाही, पण नवशिक्याची करंगळी खिळ्यासारखी ताठ होते आणि तिच्याबरोबर अख्खा पंजा. पट्टा योग्य उंचीवर बांधा. गुडघ्यापर्यंत लोंबणारी गिटार छायाचित्रात शोभते. मनगट मात्र तिथे पोचायला काटकोनात वाकतं. बसल्यावर गिटार जिथे येते, साधारण तिथेच ती उभं राहिल्यावरही यावी.

ज्यांनी सतार किंवा सरोद ऐकली आहे त्यांना पुढचं सोपं जाईल. सरोदवर खाली पडणाऱ्या आघाताला 'दा' म्हणतात आणि वर येणाऱ्याला 'रा'. (सतारीवर बोट आत येतं तो 'दा', म्हणजे दिशा उलटी, पण जोडी तीच.) आमच्याकडे मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तंबोरे घडतात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं, ती वाद्यं शिकणारा विद्यार्थी महिनोन्‌महिने नुसतं 'दा रा दा रा' करतो आणि त्याला कोणी हसत नाही. गिटारवरच्या पोराला मात्र तिसऱ्या दिवशी गाणं हवं असतं. इंग्रजीत ज्याला अल्टरनेट पिकिंग म्हणतात ते हेच 'दा रा'. एक आघात खाली, एक वर, न चुकता. यात काटकसर आहे. खाली गेलेला हात कधीतरी वर यायचाच आहे. येताना रिकामा का यावा?

नियम साधा आहे. मात्रेवर 'दा', दोन मात्रांच्या मध्ये 'रा'. एक मोकळी तार घ्या, डाव्या हाताला सुट्टी द्या आणि फक्त हे करा. ऐकायचं एवढंच, की 'दा' आणि 'रा' कानाला सारखे लागतात का? जवळजवळ कोणाचेच लागत नाहीत. 'रा' दुबळा असतो, कारण गुरुत्वाकर्षण 'दा'च्या बाजूने असतं. मग काही दिवस उलटं करा, मात्रेवर 'रा' टाका. आठवडाभर वेड्यासारखं वाटतं, पण दोन्ही आघात जवळ येतात.

मग येतो तारा बदलण्याचा प्रश्न, आणि इथेच गेल्या काही वर्षांत आपल्याला नवं काही कळलं आहे. अमेरिकेतल्या ट्रॉय ग्रेडी या गिटारवादकाने वेगवान वादकांच्या नखीचं अगदी जवळून, गिटारवरच कॅमेरा बसवून, संथ गतीत चित्रण केलं. त्यातून जे दिसलं ते असं: नखी तारांना अगदी समांतर फिरत नाही. तिचा मार्ग किंचित तिरका असतो. त्यामुळे एका दिशेच्या आघाताच्या शेवटी ती दोन तारांच्या मधल्या खोबणीत जाते आणि दुसऱ्या दिशेच्या शेवटी तारांच्या वर, मोकळ्या हवेत निघते. मोकळ्या हवेत असेल तर ती हव्या त्या तारेवर जाईल. खोबणीत असेल तर शेजारची तार वाटेत. पोरं म्हणतात, 'एका तारेवर हात पळतो, तार बदलली की अडखळतो.' त्याचं बरंचसं कारण हे. वेग कमी नसतो, नखी खोबणीत असते.

नवशिक्याने याचा फायदा असा घ्यावा. हात असा धरा की 'रा'च्या शेवटी नखी तारांपासून किंचित बाहेर निघेल. मग प्रत्येक तारेवर सम संख्येने आघात करा. दोन किंवा चार, सुरुवात 'दा'ने, शेवट 'रा'ने. म्हणजे तार बदलायची वेळ नेहमी नखी मोकळी असताना येईल. एका तारेवर तीन सूर असलेल्या सरगमी पुढे शिकायच्या. पहिल्या तीन महिन्यांत त्यांच्या वाटेला जाऊ नका. पुस्तकं मात्र त्यापासूनच सुरुवात करतात, का ते देव जाणे.

हे सगळे नियम मोडून वाजवणारे मोठे लोक आहेतच. डिक डेल यांचं १९६२ चं 'मिसिरलू' ऐका, एकाच तारेवर नखीचा पाऊस आहे. मेटॅलिकाचे जेम्स हेटफिल्ड कितीतरी ठिकाणी फक्त खालचेच आघात वापरतात. ऑक्टोबर २०११ मध्ये ते बंगळुरूला आले होते तेव्हा महाराष्ट्रातूनही पोरं गाड्या भरून गेली होती, आणि परत आल्यावर सगळ्यांना सगळे आघात खालीच करायचे होते. तो आवाज खरोखर वेगळा येतो, जड आणि ठाशीव. पण तो मागवायचा असेल तेव्हा मागवायचा. सवयीने खाली-खाली वाजवणं ही निवड नसते, 'रा' जमत नसल्याची कबुली असते. आपल्या हिंदी चित्रपटांतही १९७१ च्या 'दम मारो दम'मधली भूपिंदर सिंग यांची इलेक्ट्रिक गिटार ऐका. त्यात धावपळ काहीच नाही. प्रत्येक आघात नेमक्या जागी आहे, म्हणून पन्नास वर्षांनीही ओळखू येतो.

आता विजेच्या गिटारचं खास दुखणं. लाकडी गिटारवर चुकून घासलेली शेजारची तार कोणाला ऐकू येत नाही. इथे पिकअप चुंबकाचा. तारेचा थरथराट झाला की तो निमूट पुढे पाठवतो. म्हणून न वाजवायच्या तारा शांत ठेवणं हे वाजवण्याइतकंच काम. जाड तारा तळहाताच्या कडेने झाकायच्या, बारीक तारा डाव्या तर्जनीच्या पोटाने. आणि सराव करताना आवाज स्वच्छ ठेवा. डिस्टॉर्शनचं पेडल लावलं की लहान-मोठे आघात एकाच उंचीचे होतात. कच्चा 'रा' पक्क्या 'दा'च्या बरोबरीने गर्जतो. वाजवणाऱ्याला वाटतं, जमलं. त्या तरुणाने दोन महिने पेडलवरच वाजवलं होतं. पेडल काढल्यावर त्याला स्वतःचा हात पहिल्यांदा ऐकू आला आणि चेहरा पडला. लाइट गेली तरी अडत नाही, हेही सांगून ठेवतो. अ‍ॅम्पशिवाय, रात्रीच्या शांततेत, इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यापुरती चांगली ऐकू येते, आणि घरातले झोपलेले राहतात.

विजेचा विषय निघाला म्हणून एक सूचना, नखीशी संबंध नसलेली. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवात अर्थिंग नसलेल्या किंवा सदोष जोडणीवर अ‍ॅम्प लावला आणि तारांवर हात असताना ओठ माइकला लागले, तर जोराचा झटका बसू शकतो. तो जीवघेणाही ठरतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून वापरू नका. वायरमनला विचारायला लाजू नका.

लय कशावर धरायची? मेट्रोनोम उत्तम, मोबाइलवर फुकट मिळतो. पण टिक-टिक कंटाळवाणी वाटत असेल तर तबल्याचा ठेका लावा. गावात संध्याकाळी हरिपाठ असेल तर भजनी ठेका कानात बसलेला असतोच, आठ मात्रांचा. आपल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी ठाय, दुगुन, चौगुन अशी जी पद्धत घालून दिली आहे, तिच्याहून चांगली मला कुठल्या परदेशी पुस्तकात सापडली नाही. मिनिटाला साठ मात्रांचा ठेका ठेवा. आधी मात्रेला एक आघात, मग दोन, मग चार. ठेका बदलत नाही, हात दुप्पट होतो. साठच्या लयीत चौगुन म्हणजे सेकंदाला चार आघात. नव्या माणसाला हे पुरेसं अवघड आहे. तिथे सगळे सूर गोल आले, हात सैल राहिला, तरच पुढच्या दिवशी चौसष्ट. हीच चौगुन एकशेवीसवर केली की सेकंदाला आठ आघात होतात, आणि बहुतेक गाण्यांना त्याहून जास्त लागतच नाहीत. मध्येच एखाद्या दिवशी हात झटकन मोकळा सोडून दोन-तीन सेकंद जमेल तितक्या वेगाने वाजवून पाहावं, वेगात हात कसा हलतो हे कळायला. मात्र तेवढ्यापुरतंच.

किती वेळ? वीस मिनिटं, मग पाच मिनिटं हात खाली सोडून बसा, मग पुन्हा वीस. तीन तास सलग बसण्यापेक्षा हे रोज करणं जास्त लागू पडतं. थकवा आणि दुखणं यांतला फरक ओळखा. दंडात जडपणा आला तर तो थकवा, विश्रांतीने जातो. मनगटात कळ, बोटांना मुंग्या, बधिरपणा, किंवा रात्री ठणका लागला तर वाजवणं थांबवायचं आणि डॉक्टरला दाखवायचं. मलम चोळून कार्यक्रम उरकायचा नाही. त्या पोराने तीन आठवडे नखी हातात धरली नाही. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केले आणि मग मोकळ्या तारेवर, पेडलशिवाय, साठच्या लयीत सुरुवात केली. त्या लग्नसराईत तो पार्टीत गिटार घेऊन उभा राहिला नाही, बेंजोही वाजवला नाही, झांज धरली. पैसे कमी मिळाले. पुढच्या गणपतीत गिटार होती.

नखी कोणती घ्यावी, हे विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही. फार पातळ, अर्ध्या मिलिमीटरची नखी कॉर्ड छेडायला गोड वाटते, पण एकेक तार वाजवताना ती वाकते आणि सूर मागे पडतो. एक मिलिमीटरच्या वरची जाड नखी वाकत नाही, पण हाताचा प्रत्येक दोष जसाच्या तसा तारेवर उतरवते. सुरुवातीला पाऊण ते नऊ दशांश मिलिमीटरच्या दरम्यानची घ्यावी. जाडी नखीवरच छापलेली असते. एकदम पाच-सहा घ्या, कारण त्या पलंगाखाली जातात आणि परत येत नाहीत.

महिनाभराने वापरलेली नखी उजेडात धरून पाहा. टोक एका बाजूने तिरकं झिजलं असेल तर तुमचा कोन बसला आहे. दोन्ही बाजूंनी सारखं, बोथट झिजलं असेल तर ती अजून सपाट आपटते आहे. आणि कड करवतीसारखी खरखरीत झाली असेल, तर ती जाड तारांच्या वेटोळ्यांनी खाल्ली आहे. जुन्या कापडावर घासून गुळगुळीत करा, नाहीतर टाकून दुसरी घ्या.